बोरटोलीची चाळीस मिनिटं

मोहाडी
९ मार्च १९८०

कुलूप उघडेना. किल्ली फिरते, कडी हलत नाही. घरमालक आत जेवायला गेला तो अजून बाहेर आला नाही, म्हणून पायरीवर बसून तुला लिहितो आहे. अंतर्देशीय पत्र माझ्या खिशात असतंच, जुनी सवय.

चंद्रकांता, तुमच्यासाठी पाहिलेली ही तिसरी खोली. तळ्याच्या काठाला, देवळामागं. काल हाच मालक म्हणाला होता की शाळेच्या बाईंना जरूर देऊ. आज त्यानं तुझं आडनाव विचारलं, आणि मग किल्ली आणून दिली. बहुतेक किल्ली दुसऱ्या कुलपाची असावी.

पहिली खोली बाजाराजवळ पाहिली. बाजाराच्या दिवशी तिच्या दारात बैल बांधतात. दुसरी आमच्या वस्तीत, माझ्या घरापासून सहावी. भिंती मातीच्या, पण कोरड्या. मागं विहीर आहे. मामी शेजारी असेल.

आता तू विचारलेलं. जावईबापूंना तुमसरला आठच्या ठोक्याला गिरणीत हजर व्हायचं असतं. मोहाडीहून सव्वासातची बस आहे. तुला बोरटोलीच्या शाळेत साडेदहाला पोचायचं. तिकडं बस नाही आणि होणारही नाही. पायवाट आहे. टपालाची थैली खांद्यावर घेऊन मी त्या वाटेनं बावीस वर्षं चाललो. पोस्टातल्या वहीत लिहिलेलं आहे: बोरटोली, रनर यादोराव, चाळीस मिनिटं. आम्हा रनर लोकांना कोस माहीत नव्हते. मिनिटं माहीत होती.

आत ताटं उचलल्याचा आवाज आला. मालक बाहेर येत नाही. मी उठतो.

तुझा मामा
यादोराव


दिघोरी
१७ मार्च १९८०

मामाजींना सविनय जयभीम.

ते कुलूप का उघडत नाही ते मला कळलं. पुन्हा त्या पायरीवर बसू नका. वस्तीतली खोली मला चालेल.

माझी बदली मागून घेतलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे. का मागितली ते पूर्ण लिहिलं नव्हतं. मी इथं शाळेत, हे तुमसरला गिरणीत. चार वर्षं झाली. महिन्यातून एकदा येतात, शनिवारी संध्याकाळी. तीन बस बदलाव्या लागतात. रविवारी दुपारी परत. एरवी गिरणीच्या आवारातच एका खोलीत राहतात. गेल्या खेपेला ते आले तेव्हा पोरगी धावत आत आली आणि मला म्हणाली, "पाहुणे आले." पाच वर्षांची आहे. त्यांनी ते ऐकलं. एक चप्पल काढलेली, एक पायात, तसेच उभे राहिले.

जाताना म्हणाले, "आता बदली झाली ना तुझी. एक घर होऊन राहिलं असेल तर पाहू. नाही तर नोकरी सोडून दे. मी काही रागानं नाही बोलून राहिलो."

रागानं बोलत नव्हते. म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी बसून हिशेब केला. तुमसरला राहिलं तर माझी शाळा होत नाही. बोरटोलीला राहिलं तर त्यांची गिरणी होत नाही. उरलं मोहाडी, आणि तुमची चाळीस मिनिटं. नोकरी मला सोडायची नाही, मामाजी. एवढ्या सरळ शब्दांत हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच लिहिते आहे.

वाट कशी आहे ते लिहा. सावली कुठं आहे, पाणी कुठं आहे. एकटीनं जायचं आहे.

तुमची
चंद्रकांता


मोहाडी
२८ मार्च १९८०

चि. चंद्रकांता हिस आशीर्वाद.

डोळे मिटून लिहिता आलं असतं तर मिटूनच लिहिलं असतं. उघड्या डोळ्यांनी वाट नीट दिसत नाही.

पोस्टाच्या ओट्यावरून निघायचं. पाचव्या मिनिटाला गाव संपतं. सातव्या मिनिटाला गोठ्यांचा वास संपतो. बाराव्या मिनिटाला बोडी लागते. लहानसं तळं आहे, त्याच्या पाळीवरून जायचं. थंडीत सकाळी पाण्यावर वाफ असते आणि बगळे पोटापर्यंत वाफेत उभे असतात. त्यांना पाय नाहीत असं वाटतं. आपण पुढं गेलो तरी ते हलत नाहीत.

बोडी संपली की धानाच्या बांध्या. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालायचं, एका पावलाची रुंदी. दिवाळीच्या आधी दोन्ही बाजूंचा धान पोटऱ्यांना लागतो, थंड असतो. विसाव्या मिनिटाला एक जागा आहे, तिथं स्वतःचं पाऊल ऐकू येत नाही. माती तशी आहे. रोज तिथं मला वाटायचं की मी मागं राहिलो आणि थैली एकटीच पुढं गेली. दहाबारा पावलं तसं वाटतं, मग पुन्हा आवाज सुरू होतो.

तिसाव्या मिनिटाला पळसाची झुडपं. पस्तिसाव्या मिनिटापासून कुसुमाचं झाड दिसायला लागतं. या दिवसांत त्याला कोवळी लाल पालवी असते. दुरून पाहिलं तर पान आहे की फूल आहे ते कळत नाही. त्याच्याखाली सपाट दगड आहे. सावली तिथं आहे. पाणी बरोबर ठेव.

चाळिसाव्या मिनिटाला बोरटोली.

तुझा मामा
यादोराव

मी सत्यभामा मामी. परौढ वरगात लिवाले शिकली. हे पत्र पेटीत टाकाले माह्या हाती देल्लं म्हनून खाली लिवतो. चंद्रकांता, हे त्या वाटेनं जात नाईत. अकरा साल झाले. पाय सुजते. सकारी खाटेवर डोरे मिटून रायतात. मी म्हनतो चाय घ्या. हे म्हनतात थांब, बोडीपावतर आलो. तू आपल्या पायानं येऊन पाय.


दिघोरी
६ एप्रिल १९८०

मामाजींना व मामींना सविनय जयभीम.

पत्रातली दोन्ही अक्षरं वाचली. मामी, तुमची ओळ माझ्या तिसरीच्या मुलांपेक्षा सरळ आहे.

वाट मी पोरीला झोपताना वाचून दाखवते. तिला आता पाठ झाली आहे. बोडीपर्यंत जागी असते, धुऱ्यावर गेली की झोपते. परवा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि हात थांबला. पाण्यावरची वाफ दिसत होती. मागून मुलं म्हणाली, बाई, पुढं लिहा.

यांना सगळं कळवलं. एकदा आपण चालून पाहू असं उत्तर आलं. चार मेला रविवार आहे. त्या दिवशी येतो. ते थेट तुमसरहून येतील, मी पोरीला घेऊन आदल्या दिवशी.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही वाटेवरचं सगळं लिहिलं, गावाबद्दल काहीच लिहिलं नाही. शाळा गावाच्या कोणत्या बाजूला आहे? आपण गावात शिरतो तिथं पहिलं काय लागतं?

चंद्रकांता


मोहाडी
१२ मे १९८०

चि. चंद्रकांता,

तुम्ही आलात आणि गेलात. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पोरगी मामीच्या पाटीवर एक मोर काढून गेली आहे, मामी तो पुसू देत नाही.

त्या दिवशी तुम्ही सातला निघालात. मी दारात खुर्ची टाकून बसलो. जायला चाळीस, यायला चाळीस, शाळा पाहायला अर्धा तास. नऊच्या आत परत यायला हवं होतं. तुम्ही सव्वादहाला आलात. तुझ्या साडीच्या काठाला गुडघ्यापर्यंत कुसळं होती. जावईबापू तोंड धुवायला मागं गेले ते बराच वेळ मागंच राहिले.

मी विचारलं, वाट कशी आहे. तू म्हणालीस, "बरी आहे, मामाजी." मग मीच म्हणालो की शाळेत वेळ गेला असेल. तू हो म्हणालीस. चहा झाला. तुम्ही दुपारच्या बसनं गेलात.

बावीस वर्षं लोकांची पत्रं वाहिली. एकही उघडलं नाही. पण पाकीट हातात घेतलं की आत काय असेल याचा अंदाज यायचा.

किती मिनिटं लागली ते लिही.

यादोराव


दिघोरी
२० मे १९८०

मामाजींना सविनय जयभीम.

एक तास बावीस मिनिटं.

तोंडावर सांगवलं नाही. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिला होतात.

बोडी आहे. पण तिच्यापुढचे धुरे आता नाहीत. मोहाडीहून सरळ मुरमाचा रस्ता आला आहे. त्र्याहत्तरच्या दुष्काळात लोकांना काम द्यायला केला म्हणतात. विसाव्या मिनिटाला मी पाऊल ऐकू येतं का ते पाहत होते. येत होतं, सारखं येत होतं. यांनी विचारलं, काय शोधतेस. मी काही नाही म्हणाले.

बेचाळिसाव्या मिनिटाला कुसुमाच्या झाडाखाली पोचलो. पालवी हिरवी झाली आहे. मुरमाचा रस्ता तिथं संपतो. मी यांना म्हणाले, आलं बोरटोली. तिथं पाच घरं होती. एक म्हातारी अंगण झाडत होती, देवकाबाई नाव. तिला विचारलं, शाळा कुठं आहे. ती झाडू टेकवून हसली.

"शाळा बोरटोलीले हाय. आतापावतर चालले तेवढंच अजून चाला. तुमाले कोनं सांगतलं हे बोरटोली म्हनून?"

मी नाव सांगितलं नाही. यांनी घड्याळ पाहिलं. पुढं धुऱ्यांवरून गेलो, शाळा पाहिली. दोन खोल्या, एक लिंब. परत येताना पुन्हा कुसुमाखाली बसलो तेव्हा यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझा राजीनामा. गिरणीत पोत्यांच्या चिठ्ठ्या लिहितात त्या अक्षरात, सगळा मजकूर नीट, फक्त सहीची जागा मोकळी.

म्हणाले, "तुमसरहून लिहूनच आणला होता. वाट चाळीस मिनिटांची असती तर दाखवला नसता."

मी म्हणाले, "मी सही करणार नाही."

हे मी पहिल्यांदा बोलले. त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली आणि माझ्याच हातात दिला. म्हणाले, "मग तूच सांग, राहायचं कुठं?"

रोज पावणेतीन तास चालणं, त्यात पावसाळा, पोरगी दिवसभर घरी. मामींच्या गळ्यात तिला किती घालायची. मीही हिशेब करू शकते. शाळा उघडायला एक महिना राहिला आहे.

मामाजी, बावीस वर्षं त्या वाटेनं गेलेला माणूस चुकला कसा? रागानं विचारत नाही. मला खरंच कळत नाही.

चंद्रकांता


मोहाडी
२७ मे १९८०

चि. चंद्रकांता,

मी बोरटोली पाहिलेली नाही.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता बाकीचं सोपं आहे.

त्या वाटेवर दोन रनर होते. मी मोहाडीहून निघायचो, तुलाराम बोरटोलीहून निघायचा. कुसुमाखाली भेट व्हायची. थैली जमिनीवर ठेवायची नाही, फांदीला टांगायची नाही, हातातून हातात द्यायची, असा नियम होता. माझी त्याच्या हातात, त्याची माझ्या हातात. मग तो वळायचा आणि मी वळायचो. पोस्टात परत आलो की पोस्टमास्तर विचारायचे, "बोरटोली झाली?" मी म्हणायचो, "झाली." ते वहीत लिहायचे.

असं बावीस वर्षं. तुलारामच्या हाताला तंबाखूचा वास होता आणि करंगळी वाकडी होती. माझ्यासाठी बोरटोली तेवढीच होती. तुला वाट लिहायला बसलो तेव्हा चाळिसाव्या मिनिटाला मला तो हात पुढं आलेला दिसला, आणि मी पोचलो. तू विचारलंस, शाळा कोणत्या बाजूला आहे. मी आठवायला बसलो. आठवेना. वाटलं, म्हातारपण. विसरायला ते मुळात माझ्याजवळ नव्हतं हे तुझं पत्र आल्यावर कळलं.

तिथं माझ्या वेळी एकही घर नव्हतं. पाच घरं झाली म्हणतेस.

तुलारामनं मोहाडी पाहिली होती की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आता तो नाही.

तुझ्या घराचं माझ्या हातून वाईट झालं. खोलीवाल्याला काय सांगू ते कळव.

यादोराव

सत्यभामा मामी लिवतो. खोलीवाल्याले नाई म्हनून सांगतलं, मीच सांगतलं. मी सोमवारी झाडापावतर जाऊन आली. तुह्या मामाले म्हनली वरगात जातो. मले घंटा लागला, गुडघे दुखतात. रस्ता चांगला हाय, त्यावरनं सायकल जाते. देवकाबाईकडं एक खोली रिकामी हाय. पोरगा नागपूरले गेला तिचा. तिनं आडनाव इचारलं. मी सांगतलं. तिनं पानी देल्लं. पोरीले दिवसभर पायतो म्हने, मले तरी कोन हाय बोलाले. तिथून शाळा तुले चाळीस मिनिट. जवायाले सायकलनं मोहाडी पंधरा मिनिट, मंग बस. दोघायच्या मधातच तं हाय. तुमी दोघं त्या दगडावर बसून रडत होते अन् घर तुमच्या पाठीमागं होतं.


दिघोरी
७ जून १९८०

मामाजींना व मामींना सविनय जयभीम.

मामी, मी रडत नव्हते. हे रडत होते की काय ते मला दिसलं नाही, त्यांची मान खाली होती.

तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं त्यांना उतरवून पाठवलं. आठ दिवस उत्तर नाही. काल आलं. गिरणीच्या चिठ्ठीवर चार ओळी आहेत. सायकल घेतो. बावीसला सामान आणू. गिरणीतली खोली इतक्यात सोडत नाही, पावसात काय होते ते पाहू. तो कागद सांभाळून ठेव.

ठेवला आहे. अंकलिपीच्या पुस्तकात.

मामाजी, माझ्या घराचं तुमच्या हातून वाईट झालं असं लिहू नका. पोरगी अजून तीच वाट ऐकून झोपते. मी तिला मुरमाचा रस्ता सांगितलेला नाही.

चंद्रकांता


कुसुमाखालची वस्ती
२६ जून १९८०, संध्याकाळ

मामाजींना सविनय जयभीम.

पत्ता काय लिहावा कळत नाही. या पाच घरांना नाव नाही. देवकाबाई "झाडाखाली" एवढंच म्हणते.

आज पहिला दिवस. सकाळी सहा पस्तीसला हे सायकलवर मोहाडीकडे गेले. नऊ वीसला मी बोरटोलीकडे निघाले. पाऊस दोन दिवसांचा आहे. धुऱ्यावर चप्पल हातात घ्यावी लागली. बांध्यांमध्ये पाणी साचलं आहे, त्यात आभाळ खाली आलेलं, आणि मधून एका पावलाएवढी माती. खाली पाहिलं की उंचावरून चालल्यासारखं वाटत होतं. दहा वाजून दोन मिनिटांनी पोचले. पटावर एकावन्न मुलं, आली सतरा. बाकीची शेतात धानाचे पऱ्हे टाकायला गेली आहेत. हजेरीत सही केली. साडेपाचला निघून सव्वासहाला घरी.

पोरगी देवकाबाईच्या ओट्यावर चिंचोके खेळत बसली होती. माझ्याकडं पाहून पुन्हा खेळायला लागली, जशी रोजची गोष्ट असावी.

यांची पाळी साडेपाचला सुटते. सहाची बस. सात वाजता यायला हवे होते. आता साडेसात झाले. मोहाडीकडचा रस्ता दारातून सरळ दिसतो. पाण्यानं चकाकतो आहे. इतका वेळ पाहत राहिलं की तो रस्ता आपल्याकडं येतो आहे असं वाटायला लागतं, पण त्यावर कोणी नसतं.

देवकाबाईनं मघाशी विचारलं, गिरणीतली खोली सोडली का. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मंग कायले ओला होईल मानूस? थ्या खोलीत कोरडा झोपंल."

मी पोरीला जेवायला वाढलं. स्वतः घेतलं नाही. कंदील लावून हे लिहिते आहे.

एक विचारायचं होतं. तुलाराम एखाद्या दिवशी उशिरा आला तर तुम्ही किती वेळ थांबत होतात? थैली घेऊन तसंच परत जाता येत होतं का? तुम्ही सगळी मिनिटं लिहिलीत, ती लिहिली नाहीत.

पत्र पुरं करत नाही. इथंच ठेवते.


२७ जून, सकाळ

हे काल आठ वाजता आले. तुमसरजवळ बस बंद पडली होती. बोडीजवळ रस्त्यावरून पाणी वाहत होतं, तिथं सायकल खांद्यावर घेतली. जेवले आणि झोपले. आज सहा पस्तीसला निघाले. गिरणीतली खोली आज सोडतो, असं सांगून गेले. पाऊस थांबला आहे. मी नऊ वीसला निघेन.

चंद्रकांता